मुलांच्या वह्यांतला समुद्र

आयर्लंडमधील शाळकरी मुलांनी जमवलेल्या लोकसाहित्यावरचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. लेख आवडला, पण या संग्रहाला केवळ परीकथांचे गाठोडे ठरवणे पटले नाही. १९३७ ते १९३९ या काळात २६ काउंटींतील (तिथल्या जिल्ह्यांतील) सुमारे ५,००० प्राथमिक शाळांच्या मुलांनी घरच्या-शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारून या वह्या भरल्या. निबंधाचा तासच त्यासाठी दिला होता! कथांबरोबर हवामानाचे ठोकताळे, गावठी औषधे, रोजची कामे असे बरेच काही त्यांत आहे.

सागरी अभ्यासकांना हे मोलाचे वाटायला हवे. प्रत्येक पिढीतले मत्स्यशास्त्रज्ञ आपल्या कारकिर्दीच्या आरंभी दिसलेला मासळीचा साठाच मूळचा धरून चालतात आणि त्याआधीची घट नजरेआड होते, असे मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये मांडले. जुन्या माणसांच्या आठवणी संशोधनात घ्याव्यात, हाही त्यांचा आग्रह होता. किनाऱ्यावरच्या शाळांतील वह्यांत तशा आठवणी शोधता येतील. या वह्या आता आंतरजालावर खुल्या आहेत. आपल्या विज्ञानविषयक पानावर ही बाजू जरूर यावी, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी