दादू, त्या फोटोबद्दल

चि. दादूस,

अनेक आशीर्वाद.

फोनवर हा विषय काढला की तू "आई, प्लीज" म्हणतोस आणि मी गप्प बसते. म्हणून लिहायला बसले.

दिवाळीत तुझा फोन चार्जिंगला लावताना तो ग्रुप उघडाच होता. तुझ्या वर्गातल्या मुलीचा फोटो, खाली लिहिलेली किंमत, आणि बोली लावणारी पोरं. त्यांत तुझा हसरा इमोजी. विचारलं तर म्हणालास, "गंमत असते गं. कोणी सिरियसली घेत नाही."

१ जानेवारी २०२२ ला एका अ‍ॅपवर शंभराहून जास्त मुसलमान बायकांचे फोटो असेच लिलावाला लावले होते. अ‍ॅप गिटहबवर होतं. गिटहब म्हणजे काय ते तू मला सांगशील. त्या बायकांत पत्रकार होत्या. दिल्लीत शिकायला गेलेल्या आणि २०१६ पासून बेपत्ता असलेल्या एका मुलाची आईसुद्धा होती. पोराची वाट बघत पोलीस आणि कोर्टाचे उंबरठे झिजवणारी बाई, तिचाही लिलाव. मुंबई पोलिसांनी ज्यांना धरलं त्यांत बंगळुरूला इंजिनिअरिंग शिकणारा २१ वर्षांचा मुलगा होता. खटल्यात काय ठरायचं ते ठरेल. पण मी बातमीतलं ते वय वाचलं आणि तुझं वय मोजलं.

कल्याणचं तुला आठवत नसेल, तू चौथीत होतास. मे २०१४ मध्ये आपल्या गावातली चार मुलं इराकला यात्रेला म्हणून गेली आणि आयसिसला जाऊन मिळाली. त्यांतला एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी घरच्यांसाठी चिठ्ठी ठेवून गेला होता. नोव्हेंबरात एकजण परत आला, त्याला एनआयएनं, म्हणजे दहशतवादाचा तपास करणाऱ्या केंद्राच्या यंत्रणेनं, अटक केली. तेव्हा भाजी घेताना, लोकलच्या डब्यात, सगळीकडे एकच वाक्य ऐकू यायचं, "त्यांची पोरं तसलीच." मीही ते म्हटलं आहे, दादू. तुझ्यासमोर म्हटलं असेन. आठ वर्षांनी लिलाववाल्या मुलांची नावं आली, तेव्हा ती आपल्यासारख्या घरांतली होती. ते वाक्य माझ्या घशात अडकलं ते अजून तिथेच आहे.

तू म्हणशील, मी काही तसल्या साइट बघत नाही, फक्त यूट्यूब बघतो. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला २०१९ साली दोन मशिदींत ५१ माणसं मारणाऱ्यानंही चौकशी आयोगाला असंच काहीसं सांगितलं होतं. कट्टर साइटवर तो फारसा लिहीत नसे, त्याला जास्त खाद्य यूट्यूबनंच पुरवलं होतं. एक व्हिडिओ संपतो, पुढचा आपोआप लागतो, आणि तू जिथे थांबतोस, चिडतोस, तेच परत तुझ्या पुढ्यात येतं. यूट्यूबवाले तुला काही पटवून द्यायला बसलेले नाहीत. तू बघत राहावंस, एवढंच त्यांना हवं आहे.

पहिल्या सेमिस्टरला तुला होस्टेलवर एकही मित्र नव्हता. रात्री फोन करायचास आणि दोन मिनिटांत ठेवून द्यायचास. मला वाटायचं, रुळतोय हळूहळू. मग तुझ्या बोलण्यात "आमचा ग्रुप" यायला लागला आणि मी सुटकेचा श्वास टाकला. तुला कोणीतरी "भाई" म्हणत होतं, तुझ्या जोकवर हसत होतं. ते किती गोड लागत असेल, हे मला कळतं. तेवढ्यासाठीच तू तो इमोजी टाकलास, असं मी स्वतःला समजावते आहे. पण त्यांच्यात राहायचं तर उद्या इमोजीनं भागणार नाही. उद्या फोटो तू शोधून आणायचा असेल.

ती मुलगी तुझ्या पुढच्याच बाकावर बसते, असं तूच गणपतीत सांगितलं होतंस. तिनं तुला आजारपणात नोट्स दिल्या होत्या.

तिला हे माहीत आहे का? तो फोटो काढा, असं त्या ग्रुपवर कोणी म्हणालं का? तू म्हणालास का?

शनिवारी येतोयस ना. बाबा रात्रपाळीला आहेत, घरात आपण दोघंच असू. मला उत्तर हवं आहे.

तुझी,
आई