इकोच्या रिपोर्टात उजव्या बाजूचेही आकडे हवेत

मा. आरोग्यमंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सा. न. वि. वि.

माझ्या वहिनींना जिना चढताना धाप लागायची. इथल्याच एका हॉस्पिटलात इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. रिपोर्टात ठळक अक्षरांत ‘एलव्हीईएफ 60 टक्के, एलव्ही फंक्शन नॉर्मल’, म्हणजे हृदयाचा डावा खालचा कप्पा रक्त नीट पंप करतोय. हृदयाच्या उजव्या बाजूबद्दल चकार शब्द नाही. ‘रक्त कमी असेल’ म्हणून गोळ्या दिल्या. पुढे पाय सुजले, तेव्हा दुसरीकडे कळलं की उजवा कप्पा फुगलाय. फुप्फुसाच्या धमनीतला दाब वाढला होता: पल्मनरी हायपरटेन्शन.

दंडाला पट्टा बांधून हा दाब कळत नाही. उजव्या खालच्या कप्प्याची भिंत मुळात पातळ. दाब चढला की ती जाड होते, काही काळ निभावून नेते, मग कप्पा थकून पसरतो. तो थकायला लागलाय हे पाय सुजायच्या कितीतरी आधी इकोवर दिसू शकतं. ‘टॅप्सी’ म्हणजे ठोक्यागणिक उजव्या झडपेची कड किती सरकते, ते माप. ते 17 मिलिमीटरच्या खाली नको. त्याच झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला 2.8 मीटरच्या वर गेला, तर दाबाचा संशय घ्यायचा. मशीन तेच, प्रोब तोच, वेळ थोडा जास्त. आणि जिथे ‘स्ट्रेन’चं सॉफ्टवेअर आहे, तिथे कप्प्याची बाहेरची भिंत किती टक्के आखडते तेही मोजता येतं. ते प्रमाण साधारण 20 टक्क्यांखाली आलं तर सावध व्हायला हवं, टॅप्सी ठीक असली तरी.

ग्वाल्हेरच्या आसपास दगडाच्या खाणी आहेत. धुळीने सिलिकोसिस झालेले मजूर, टीबीने फुप्फुसं खराब झालेले, लहानपणच्या संधिवाताच्या तापाने झडप आवळलेल्या बायका, या सगळ्यांना हा धोका आहे. धाप लागली की त्यांची छाती तपासतात, हृदयाची उजवी बाजू राहून जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

नवी मशिनं मागत नाही. सरकारी दवाखान्यांच्या इको फॉर्मवर उजव्या कप्प्याचा आकार, टॅप्सी आणि गळतीचा वेग हे तीन रकाने सक्तीचे करा. संशय आला तर पेशंटला कॅथलॅब (हृदयात नळी घालून तपासायची सोय) असलेल्या मेडिकल कॉलेजात पाठवा, कारण पक्कं निदान कॅथेटरने, म्हणजे त्या नळीनेच होतं: धमनीतला सरासरी दाब पाऱ्याच्या 20 मिलिमीटरच्या वर. फुप्फुसात गुठळ्या अडकून दाब वाढला असेल, तर काही पेशंटांच्या गुठळ्या ऑपरेशनने काढता येतात. त्यांना वेळेत शोधणं आपल्या एका आदेशाने सोपं होईल.

आपली,
लष्कर, ग्वाल्हेर येथील एक रहिवासी