बेगमी

जबलपूर
१४ डिसेंबर २०२५

ती. आई आणि बाबा यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर बाबा ‘बरं, बरं’ म्हणून आईकडे देतात आणि आई लगेच ‘जेवलीस का’वर येते. म्हणून पत्र. दोघं एकत्र बसून वाचा, आणि बाबा, चष्मा आधी शोधा.

मी पेपर घातलेत. म्हणजे मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज केला होता, तो मंजूर झालाय. मार्चमध्ये २० वर्षं भरतात, त्यानंतर वर्दी उतरणार. आधी विचारायला हवं होतं, कळतंय मला. पण विचारलं असतं तर बाबा ‘तुझं तू बघ’ म्हणाले असते आणि रात्रभर कूस बदलत पडले असते. अँजिओग्राफीनंतर मला ते नको होतं. रागवायचं तर माझ्यावर रागवा, दादाला बोलू नका. त्याला मीच गप्प बसवलं होतं.

काही बिनसलेलं नाही, हे आधी सांगते. कर्नलच्या यादीत नाव आलं नाही म्हणून ही रुसून निघाली, असं आत्याला वाटणारच, तुम्हाला वाटू नये. जानेवारी २०२३ च्या त्या बढतीच्या बोर्डासमोर १९९२ पासून २००६ पर्यंतच्या बॅचेसच्या मिळून २४४ जणी होत्या आणि जागा १०८. माझी बॅच त्यातली शेवटची. आठवडाभर वाईट वाटलं, मग कामाला लागले. बाबा, तुम्ही निकालाआधीच कट्ट्यावर पेढे वाटले होते, ते मला नंतर कळलं. तुमच्या त्या पेढ्यांचं मात्र अजून लागतं.

आणि २०२० चा फेब्रुवारी आठवा ना. चौदा वर्षं भरायला महिनाही उरला नव्हता. चौदावर घरी पाठवलं तर पेन्शन नाही, वीस झाली तर आहे. माझ्या ट्रंका बांधून झाल्या होत्या, आईने वरची खोली सारवल्यासारखी लख्ख करून ठेवली होती. १७ तारखेला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, बायकांनाही पर्मनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, द्या म्हणून, आणि ट्रंका परत सुटल्या. ही पुढची सहा वर्षं मला वरकडीची मिळालीत. पाच वर्षांच्या बोलीवर गेले होते मी! ‘पाच वर्षं कर, हौस भागव, मग स्थळं बघू,’ हे वाक्य कुणाचं होतं ते मी लिहीत नाही.

आता पैशाचं. पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मं. प्रशांतची नोकरी आहेच, मुक्ताच्या कॉलेजचे पैसे बाजूला ठेवलेत. दवाखान्याचं काहीही बदलत नाही, आता ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड होईल आणि माझ्यावर अवलंबून म्हणून तुम्हा दोघांचंही. बाबांचं एसटीचं पेन्शन इतकं तुटपुंजं की उत्पन्नाच्या अटीत तुम्ही ऐसपैस बसता. त्या पेन्शनचा हा पहिलाच उपयोग. कॅन्टीनही सुरू राहणार. आईचा साबण येईल, आणि बाबांचं ते थंडीचं औषधही येईल, महिन्याला एकच, माझ्या हातून.

मग करणार काय? पुस्तक लिहिणार. लोकांकडून काम कसं करून घ्यायचं, खरं तर लोकांबरोबर कसं करायचं, यावर. नोकरीत राहून लिहिता येत नाही का, हे बाबा विचारणारच. लष्करी विषयावर काही छापायचं तर आर्मी रूल २१ प्रमाणे केंद्र सरकारची आगाऊ मंजुरी लागते. ती घेत घेत एकेक प्रकरण लिहायचं म्हणजे माझी साठी उलटेल. आणि आई, घाबरू नकोस, गोपनीयतेचा कायदा निवृत्तीनंतरही सुटत नाही. कुठून कुठे काय गेलं यातलं अक्षरही असणार नाही.

ॲन डनवूडी म्हणून अमेरिकेच्या सैन्यातल्या एक बाई आहेत. आमच्यासारख्याच रसदीच्या. १९७५ साली दोन वर्षांपुरत्या म्हणून भरती झाल्या, पुढे शाळेत खेळ शिकवायचा विचार होता. २०१२ मध्ये निवृत्त झाल्या तेव्हा ३७ वर्षं झाली होती. २००८ मध्ये त्यांना चौथा तारा मिळाला, म्हणजे आपल्या लष्करप्रमुखांची रँक, त्यांच्या देशात पहिल्यांदाच एका बाईला. मग त्यांनी नेतृत्वावर पुस्तक लिहिलं. माझी त्यांच्याशी बरोबरी नाही, पण रसदवालीने लिहिलंय हे बघून धीर आला. त्यांचे वडील, आजोबा, पणजोबा सगळे लष्करी अधिकारी. ते वाचताना मनात आलं, माझ्यामागे कोण? एसटीचा कंट्रोलर आणि वाळवणं घालणारी बाई.

हसू नका. माझं पहिलं प्रकरण तुमचंच आहे.

लेहला माझं पहिलं वर्ष होतं. झोजिला खिंड बर्फाने बंद व्हायच्या आत सगळ्या हिवाळ्याचं रेशन वर चढवून ठेवायचं असतं. इंग्रजीत त्याला लांबलचक नाव आहे, मी मनात ‘बेगमी’च म्हणायचे. आई मे महिन्यात डाळी ऊन दाखवून, एरंडेल लावून डब्यात भरायची आणि कुठला डबा आधी फोडायचा हे झाकणावर खडूने लिहायची, तेच काम, फक्त डबे मोठे. बटाटा गोठला की आतून काळा पडतो आणि गोड लागतो, म्हणून रात्री बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, विझू द्यायची नाही. कुणाची पाळी कधी, ते लावणं माझ्याकडे. पहिल्या तक्त्यात मी सगळ्यांत थंड पहाट सगळ्यांत नव्या पोरांना दिली. आमच्या सुभेदारसाहेबांनी तो वाचला, काही न बोलता परत माझ्या टेबलावर ठेवला आणि चहा मागवला. मी खोडलं आणि तीनची पाळी आधी स्वतःच्या नावावर घातली.

आणि एका संध्याकाळी बर्फ सुरू झालं, दोन गाड्या मागे राहिल्या होत्या. मी गेटपाशी रजिस्टर घेऊन उभी. मेसमधून दोनदा जेवणाचा निरोप आला. गाड्या आत आल्या तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. सुभेदारसाहेब म्हणाले, ‘मॅडम, आप खाना खा लेतीं, हम देख लेते.’ मला काय उत्तर द्यावं सुचेना. पावसाळ्यात कासच्या घाटात धुकं उतरलं की बामणोलीची मुक्कामी गाडी पोचल्याचा निरोप दुकानातल्या फोनवरून येईपर्यंत बाबा डबा उघडायचे नाहीत, आणि मी कंट्रोल केबिनच्या बाकावर त्यांच्या डब्यातल्या भाकरीकडे बघत बसायचे, हे हिंदीत कसं सांगायचं?

त्या बाकावर पाय हलवत बसायचे ते अजून आठवतं. एकदा तुम्ही मला माइक दिला होतात. ‘कोल्हापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे.’ चेन्नईला ड्रिलच्या मैदानावर माझा आवाज फुटत नव्हता, तेव्हा मी मनात तेच घोकलं आणि आवाज निघाला! त्यापूर्वी कितीतरी आधी, १९९३ साली डॉक्टर-नर्स सोडून लष्करात पहिल्या २५ जणी अधिकारी झाल्या, ती बातमी तुम्ही कापून माझ्या भूगोलाच्या वहीत चिकटवली होती. डिंक सांडून नकाशा खराब झाला म्हणून मी रडले होते. आणि पिपिंगला, म्हणजे खांद्यावर स्टार लावायच्या कार्यक्रमाला, मार्च २००६ मध्ये, तुमचे हात इतके थरथरत होते की डाव्या खांद्यावरचा एक स्टार वाकडा लागला. तो मी दिवसभर सरळ केला नाही.

आता मुक्कामाचं. वरच्या खोलीत मी राहणार, सोमवार ते गुरुवार. शुक्रवारी पुणे, प्रशांत आणि मुक्ताकडे. तुमचं काहीही हलणार नाही. खिडकीजवळची कॉट, सहाचा रेडिओ, देवघरासमोरचा आईचा पाट, सगळं जागच्या जागी. मी सकाळी लिहीन, आवाज करणार नाही. सैपाकघरात आई बोलावेल तेव्हाच येईन.

पण काही गोष्टी माझ्या आधी व्हायच्या आहेत, आणि त्यावर चर्चा नाही. न्हाणीघरात दांडा बसवायला मिस्त्री येईल, त्याला ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून परत पाठवायचं नाही. कमोड पण बसणार. आई, तुझ्या गुडघ्याला काय वाटतं तेवढंच विचारात घेतलं जाईल. साखरेची गोळी ‘आज गोड खाल्लं नाही’ म्हणून चुकवायची नाही. लुना विकायची, किंवा निदान तिची किल्ली दादाकडे द्यायची. आणि बाबा, लिहिलेलं प्रकरण मोठ्या अक्षरांत छापून पाठवतेय. लाल पेन्सिलीने खुणा करा, लॉगशीटवर करायचात तशा. कासच्या घाटाचं काही चुकलं असेल तर ते आधी.

आत्याला मार्चपर्यंत सांगू नका. सांगालच, तर कर्नलचं तुम्ही बोलू नका, मी बोलेन.

तुमची,
ताई

ता. क. माळ्यावरची माझी काळी ट्रंक काढू नका. स्टुलावर तर अजिबात चढू नका. त्यात वर्दीखेरीज काही नाही, मी आले की काढीन.