नट आधी ओवायचा, काका

ती. काकांस साष्टांग नमस्कार.

काल ॲन आर्बरहून परतताना गाडीने २,४१,००० मैल पूर्ण केले. आपल्या हिशेबात जवळजवळ ३,८८,००० किलोमीटर. फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही 'त्यात काय एवढं' म्हणून हवामानावर येता, म्हणून चारचौघांसमोर लिहितेय.

२०१६ मध्ये ही २००३ ची ब्यूक लसेबर बघायला गेलो, तेव्हा मला ती अजिबात आवडली नव्हती. पुढे सोफ्यासारखी सलग सीट, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. थेट आजोबांची गाडी! वर १,१२,००० मैल झालेले. तुम्ही काचेखालच्या व्हीआयएनमधल्या, म्हणजे गाडीच्या ओळखक्रमांकातल्या, आठव्या अक्षरावर बोट ठेवलंत. 'के. म्हणजे ३८०० सीरिज टू इंजिन. घे.'

कारणं परतीच्या वाटेवर कळली. ३.८ लिटरचं व्ही-सिक्स, ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे, कॅमशाफ्ट ब्लॉकच्या पोटात, टायमिंगला बेल्ट नाही, चेन. ताशी सत्तर मैलांच्या स्पीडलाही आरपीएम दोन हजारांच्या आसपास, त्यामुळे इंजिनाला धाप लागत नाही. 'फक्त कूलंटचे ते दोन प्लॅस्टिकचे एल्बो, म्हणजे वाकडे जोड, वयाने ठिसूळ होतात. गळायच्या आधी बदलू.' बदलले. जुना एल्बो चिमटीत धरला तर बिस्किटासारखा चुरला.

पण खरी परीक्षा २०२१ च्या जानेवारीत झाली. सिग्नलला ब्रेक दाबला आणि पेडल थेट खाली टेकलं. मिशिगनच्या रस्त्यांवरचं मीठ! मागे जाणारी ब्रेकची नळी गंजून फुटली होती. ब्रेकचं दुसरं सर्किट शाबूत होतं म्हणून गाडी थांबली तरी. गॅरेजवाल्याने उभ्या उभ्या निकाल दिला: गाडीच्या किमतीपेक्षा खर्च जास्त, भंगारात काढा. मी रडकुंडीला येऊन तुम्हाला फोन केला. तुमचा पहिला प्रश्न, 'खालचा सांगाडा बघितला का त्याने?' नव्हता बघितला. मग सत्तरीतले तुम्ही त्या थंडीत गाडीखाली आडवे झालात आणि स्क्रूड्रायव्हरने जागोजागी टोचून बघितलंत. 'हाडं ठणठणीत आहेत. नळ्या काय, घालू.'

कॉपर-निकेलच्या नळीची दोन भेंडोळी, दोन शनिवार. वाकवायचं तुम्ही, फ्लेअर करायचं, म्हणजे नळीचं तोंड फुगवायचं, मी. पहिलंच डबल फ्लेअर इतकं सुबक जमलं की मी ते दिव्यासमोर धरून दाखवलं. तुम्ही शांतपणे विचारलंत, 'आणि नट?' नट टेबलावर. फुगलेल्या तोंडावरून आता तो जाणार कसा? टोक कापून पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी नळी तीनदा कापावी लागली. तिसऱ्यांदा चूक तुमची होती, हेही इथे नोंदवून ठेवते.

तुम्ही एक पैसा घेतला नाहीत, आणि एकही काम मला बाजूला बसवून केलं नाहीत. दुसऱ्या गोष्टीबद्दल जास्त आभार.

तुम्ही फिनिक्सला लेकाकडे गेल्यापासून गाडीच्या कामांची वही मीच लिहिते: ऑइल, गिअरबॉक्सचा फिल्टर, सगळं तारीखवार. तुमच्या अक्षरातली शेवटची नोंद अजून खोडलेली नाही: 'मागील डावे चाक, बेअरिंग किंचित आवाज. ऐकत राहणे.'

काका, ते आता चांगलंच बोलायला लागलंय. रविवारी सकाळी फोन चाकाजवळ धरते. ऐका आणि सांगा.