माशाची अंडी आणि आपल्या पोरांचा मेंदू

संपादक साहेब, नमस्कार.

"माशांवर प्रयोग करून पोरांच्या मेंदूचं काय डोंबल कळणार" असं एका वाचकाने तुमच्याच पानावर लिहिलंय, केमिकलने पोटातल्या बाळाच्या मेंदूला धोका आहे का हे झेब्राफिशवर तपासतात त्याबद्दल. शंका रास्त आहे, खिल्ली मात्र पटली नाही.

झेब्राफिश म्हणजे टँकमधे दिसतो तोच पट्ट्यापट्ट्यांचा छोटा मासा. त्याची अंडी आईच्या शरीराबाहेर वाढतात, पिल्लू जवळपास पारदर्शक, त्यामुळे मेंदू घडताना मायक्रोस्कोपखाली चक्क दिसतो, एका दिवसात मेंदूचे मुख्य भाग ओळखता येतात आणि पाचेक दिवसांत पिल्लू पोहायलाही लागतं. २०१३ साली त्याचा जीनोम (म्हणजे सगळ्या जीन्सचा आराखडा) प्रसिद्ध झाला तेव्हा माणसाच्या साधारण ७० टक्के जीन्सशी मिळतेजुळते जीन्स त्याच्यात सापडले, म्हणजे अगदीच परका प्राणी नाही हा.

टेस्ट बघा. ९६ खळग्यांची प्लेट, एकेका खळग्यात एकेक पिल्लू, वर कॅमेरा. लाईट बंद केला की धडधाकट पिल्लू सैरावैरा पोहतं, लाईट लावला की शांत होतं. अंड्यात असताना कीटकनाशक किंवा शिसं लागलेलं पिल्लू दिसायला ठणठणीत असतं पण कधी सुस्त पडतं, कधी उगाच पळत सुटतं. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) माशांच्या अंड्यांवरची ओईसीडीची (केमिकल तपासायच्या पद्धती ठरवून देणारी अनेक देशांची संघटना) जी २३६ नंबरची प्रमाणित टेस्ट आहे ती ९६ तासांत काय बघते, तर अंडी मेली का, हृदय चालतंय का. मेंदू बिघडवणारं पण जीव न घेणारं केमिकल त्यातून आरामात निसटू शकतं. पिल्लांची हालचाल मोजणं या तपासणीत सक्तीचं का नाही हा खरा प्रश्न.

आता माशाला वार (पोटातल्या बाळाला पोसणारी, प्लेसेंटा) नसते, माणसासारखं थरांचं कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा भाग) नसतं, हे मान्य. म्हणून माशात दिसलं ते बाळात होणारच असं कोणी म्हणू नये. पण वार बाळाला विषापासून वाचवेल असा भरवसा ठेवून काय झालं ते जपानच्या मिनामाटात दिसलंय, पाऱ्याने विषारी झालेले मासे खाणाऱ्या कित्येक आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता आणि बाळं मात्र मेंदूला जबर इजा घेऊन जन्मली.

तुम्हालाही एक विनंती, अशा बातम्यांत "मेंदूला धोका" एवढंच छापू नका, टेस्टमधे माशांच्या पाण्यात केमिकल किती होतं आणि माणसाच्या रक्तात ते किती सापडतं हे दोन आकडे शेजारी शेजारी द्या.

आपला,
एक नियमित वाचक