पत्र्याखालचा पारा कोण मोजणार?

मा. संपादक, स.न.वि.वि.

तीस वर्षं विड्या वळते आहे. सोलापूरचा पारा ४३ अंशांवर गेला की तुम्ही पहिल्या पानावर छापता. आमच्या पत्र्याखाली तो किती असतो, ते कुणी मोजत नाही. पंखा लावावा तर सुपातली तंबाखू उडते, म्हणून मे महिन्यातही तो बंदच. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं पान दुपारपर्यंत कडक होतं, वळताना फाटतं. फाटलेली विडी मोजणीत बाजूला काढतात. मजुरी हजार चांगल्या विड्यांमागे मिळते, म्हणजे उन्हाचा दंड आम्हीच भरतो.

‘झाडं लावा, पाणी जपा’ सांगणारे दरवर्षी येतात. (पाणी जपायला ते आधी नळाला यावं लागतं!) पण हवा तापवणारा कोळसा काही माझ्या चुलीत जळत नाही.

नातवानं वाचून दाखवलं, की मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा घटनेच्या कलम १४ आणि २१ खालचा हक्क मानला. तोही माळढोकाच्या खटल्यात! आमच्या नान्नजचं अभयारण्य त्याच पक्ष्याचं. खटला मात्र राजस्थान-गुजरातेतल्या वीजतारांचा होता. हक्क माझा असेल, तर जबाबदारी सरकारची नको का? अहमदाबादनं २०१३ सालीच उष्णतेचा कृती आराखडा केला.

येत्या फेब्रुवारीच्या आत आमच्या वस्तीतल्या पत्र्यांना पांढरा रंग द्या आणि उन्हाळ्यापुरती विड्यांची मोजणी सकाळी लवकर ठेवायला लावा. एवढं पालिकेनं आणि कामगार खात्यानं एकत्र बसून ठरवावं.

– एक विडी कामगार, सोलापूर