मोत्यानं कण्हेर खाल्ली तेव्हा

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझ्याकडे कुत्र्याचं पिल्लू आलंय, हे वहिनींनी फोनवर सांगितलं. आधी आनंद झाला आणि लगेच तुझं परसू डोळ्यांसमोर आलं. विहिरीजवळची ती कण्हेर अजून आहे ना? म्हणूनच सगळं नीट लिहायला बसलो.

गेल्या श्रावणातली गोष्ट. पाऊस जरा उघडला म्हणून मी भिंतीलगतची कण्हेर छाटली आणि फांद्या तिथंच टाकल्या, सवडीनं उचलू म्हणून. चूक माझीच. तिसऱ्या दिवशी दुपारी मोत्या लाळ गाळतच सोप्यात आला आणि ओकला. ओकारीत अरुंद पानांचे तुकडे होते, मधली फिकट शीर अगदी स्पष्ट दिसत होती. आई म्हणाली, "मिठाचं पाणी पाज, सगळं पडेल." मी तांब्या भरलासुद्धा. नशीब, आधी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "काही पाजू नका. त्या झाडाची डहाळी पिशवीत घाला आणि आत्ता निघा."

रिक्षात मी त्याच्या छातीवर हात ठेवून बसलो होतो. चार ठोके नीट पडायचे, मग एक गळायचा, मग दोन घाईघाईनं. दत्ता, तो गळालेला ठोका माझा तळहात अजून विसरलेला नाही.

डहाळी बघताच डॉक्टरांना काही विचारावं लागलं नाही. हृदयाच्या रुग्णांना डिगॉक्सिनची गोळी देतात ना, तशाच जातीचं विष कण्हेरीत असतं. पान वाळलं तरी ते जात नाही. त्यांनी कोळशाचं औषध दिलं, सलाईन लावलं, ईसीजीची पट्टी काढून ठोके तपासत राहिले. दोन रात्री मोत्या तिथंच होता. तिसऱ्या दिवशी त्यानं भाकरीचा तुकडा खाल्ला तेव्हा आईनं देवापुढं साखर ठेवली.

मिठाचं पाणी कधीही पाजू नकोस. रक्तातलं मीठ वाढून त्यानंच कुत्रं दगावू शकतं. दुधानं किंवा तुपानं विष उतरत नाही. गुंगीतल्या कुत्र्याला ओकायला लावलं तर ओकलेलं फुप्फुसात जातं. उलटी करवायची की नाही, हे डॉक्टरच ठरवतील. आपण तोंडातला पाला बोटानं काढायचा, किती वाजता आणि साधारण किती खाल्लं ते सांगायचं आणि झाडाचा तुकडा बरोबर न्यायचा. झाडाचं नाव माहीत नसलं तरी चालतं, तुकडा पाहिजे.

आणि "बघू, काय होतंय का" म्हणून थांबू नकोस. एरंडाच्या बिया चावल्या तर त्रास दुसऱ्या दिवशीही सुरू होऊ शकतो. सायकसचं, म्हणजे त्या पामसारख्या दिसणाऱ्या शोभेच्या झाडाचं, त्याहून वाईट. ओकून कुत्रं सावरल्यासारखं वाटतं आणि दोन-तीन दिवसांनी यकृत बसतं. तुझ्या दारातल्या कुंडीत सायकसच आहे, मी बघितलंय. त्याची बी तर सगळ्यात घातक. पिवळ्या बिट्टीची फळंही वेचून टाक.

मनी प्लांट चावला तर तोंडाची आग होते, लाळ गळते. पाण्यानं तोंड धुऊन डॉक्टरांना विचार, पण तो सहसा जीवावर बेतत नाही. हरळी, जास्वंद, गुलाबाचं पान खाल्लं तर एवढा घाबरू नकोस. मात्र त्यावर फवारणी झाली असेल तर ती वेगळी गोष्ट.

झाडांइतकीच मला भीती खताची वाटते. एरंडी पेंडीचा वास कुत्र्यांना आवडतो आणि ती पोटभर खाल्ली तर मोठा घात होतो. तू दरवर्षी गुलाबाला पेंड घालतोस, यंदा पोतं वर माळ्यावर ठेव. पावसाळ्यात गोगलगायींसाठी टाकतात त्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्याही तशाच. त्यांनी कुत्र्याला झटके येतात. पिल्लू असेपर्यंत गोगलगायी हातानंच वेच, मी येऊन मदत करतो.

आमची कण्हेर मी मुळासकट काढली. आईला पूजेची फुलं गेली याचं वाईट वाटलं, म्हणून तिथं जास्वंद लावली. परवा पहिलं फूल आलं.

रविवारी मी येतोय. येताना कुदळ आणतो. तोवर पिल्लाला विहिरीकडं सोडू नकोस, आणि तुमच्याकडच्या जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर आजच फोनमध्ये घालून ठेव, रात्री बोलावलं तर येतात का तेही विचारून. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुहास